दुपारची फरदड

जगातली कुठलीही गोष्ट चिमटीत धरून, दोन अंगठ्यांमध्ये ताणून, तिची प्रत अर्ध्या मिनिटात सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. बत्तीस वर्षं त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. बैलगाड्यांची रांग लागलेली असायची आणि मामा बाही कोपराच्या वर सरकवून गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचे. वरचा कापूस कुणीही चांगलाच ठेवतो, खरा माणूस तळाशी असतो, असं त्यांचं म्हणणं. एक मूठ वरची, एक मधली, एक तळाची. मग पुंजका ताणायचा, धाग्याची लांबी बघायची, ओलावा बघायचा, कचरा बघायचा आणि प्रत सांगायची. सांगितलेली प्रत फिरवायची नाही. शेतकरी रडो, पुढारी चिठ्ठी पाठवो, साहेब डोळे वटारो, मामांच्या तोंडून एकदा 'दुसरी' निघाली की ती गाडी दुसऱ्या प्रतीचीच. या एका गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की निवृत्तीच्या समारंभात आपल्यावर झालेल्या भाषणांचीही त्यांनी तिथल्या तिथे प्रत लावली. साहेबांचं भाषण तिसऱ्या प्रतीचं निघालं.

निवृत्त झाल्यावर गाड्या यायच्या थांबल्या, हात मात्र थांबला नाही. बाजारातली वांगी, लग्नातले बुंदीचे लाडू, मेहरूणच्या तलावावरची सकाळची हवा, कीर्तनकाराचा आवाज, डॉक्टरचं निदान, सगळं मामांच्या चिमटीतून जायचं. मी मुलगी बघायला जळगावला गेलो तेव्हा मुलीच्या बाजूनं बोलणारे वडीलधारे हेच होते. त्यांनी मला पगार विचारला नाही, गोत्र विचारलं नाही. शेजारी बसून माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली, जरा चोळली आणि सर्वांदेखत म्हणाले, "धागा बरा आहे. ओलावा जास्त आहे, पण तो वाळेल." लग्न झालं. पुढे धुळ्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवू लागलो आणि एका व्याख्यानासाठी जळगावला मला बोलावणं आलं. मामा आले, पहिली पाच मिनिटं ऐकून बाहेर गेले, मध्ये पाच मिनिटं येऊन बसले, पुन्हा गेले, आणि शेवटाला हजर झाले. घरी येताना म्हणाले, "जावईबापू, सुरुवात पहिल्या प्रतीची. मधलं मात्र तुम्ही धुळ्याला गणपतीत बोलला होतात. फरदड."

फरदड हा शब्द खानदेशात कुणाला समजवावा लागत नाही, पण हे वाचणारे सगळेच कापसातले नसतील. कापसाची वेचणी आटोपली की शहाण्या शेतकऱ्यानं झाडं उपटून टाकायची असतात. काही जण मात्र त्यांना पुन्हा पाणी देतात, आणि मग त्याच थकलेल्या झाडांवर दुसऱ्यांदा बोंडं धरतात. तो कापूस म्हणजे फरदड. धागा आखूड, बोंडं किडकी, आणि शेतकऱ्याचा आग्रह मात्र पहिल्या वेचणीच्या भावाचा. मामांच्या दृष्टीनं मनुष्यजातीच्या बहुतेक लबाड्या या एका शब्दात बसत होत्या.

अशा माणसाच्या कॉलनीत केबल आली. आली तीही साधीसुधी नाही. प्रल्हाद नावाचा धुळ्याकडचा एक होतकरू माणूस होता, त्यानं आपल्या दुकानाच्या गच्चीवर भलीमोठी छत्री बसवली आणि तिचं रीतसर उद्घाटन ठेवलं. मांडव घातला, सनई लावली, एका स्थानिक पुढाऱ्याला शिडीवरून गच्चीवर चढवलं. छत्रीला हळदकुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला. पुढाऱ्यांनी "आज आपली कॉलनी जगाशी जोडली गेली" असं सांगितलं आणि उतरायला शिडी कुठे आहे ते विचारलं. मामा खाली उभे राहून मला म्हणाले, "हार फुलांचा आहे, भाषण कागदाचं."

तरी केबल त्यांनी घेतली, कारण तपासल्याशिवाय प्रत सांगणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. शेवग्याच्या झाडावरून काळी वायर घरात शिरली आणि मामा कामाला लागले. पद्धत जुनीच. कुठल्याही कार्यक्रमाची एक मूठ वरची, एक मधली, एक तळाची. सिनेमाची पाच मिनिटं इथून, पाच तिथून. महिनाभरात ते कुठल्याही चॅनलवर चित्र उमटताच सांगू लागले, "हे गेल्या गुरुवारी झालं. या बाईनं तेव्हाही हीच साडी नेसली होती." सकाळचं रात्री, रात्रीचं दुसऱ्या दिवशी, शनिवारचं रविवारी. प्रल्हाद महिन्याची वर्गणी मागायला आला की मामा त्याला ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे आणि झडती घ्यायचे. प्रल्हादची बोली अहिराणी, त्यात 'सगळं'चं 'बठ्ठं' होतं आणि 'आहे'चं 'शे'.

"प्रल्हाद, या महिन्यात नवीन काय होतं?"

"आबा, बठ्ठं नवं शे, देवाशपथ!"

"तो डाकूंचा सिनेमा?"

"तो जरा पब्लिकनी डिमांड म्हणून."

"तीनदा?"

"पब्लिक भलती शे आबा आपली."

"फरदड शे तुझी," मामा म्हणायचे. "पहिल्या वेचणीचा भाव मागतो अन् फरदड घालतो माझ्या घरात."

मी प्रल्हादच्या बाजूनं एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, "मामा, चांगली गोष्ट माणूस पुन्हा बघतोच की. आम्ही एकेक पुस्तक पाच-पाचदा वाचतो." मामांनी विचारलं, "त्या पुस्तकाचे तुम्ही दर महिन्याला पैसे देता का?" मी साहित्याचा माणूस. या प्रश्नाला आजवरच्या एकाही समीक्षकानं उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही. माझं मत आजही मामांचंच आहे. ज्या गोष्टीचे आपण दरमहा नव्यानं पैसे मोजतो ती दरमहा थोडी तरी नवी असावी.

शेवटी मामांनी गणपतीच्या देवळाच्या ओट्यावर कॉलनीची बैठक घेतली. कॉलनीतला प्रत्येक जण नोकरीत असला तरी यावल-नशिराबादकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्यामुळे मामांना भाषण करावं लागलं नाही. ते एवढंच म्हणाले, "प्रल्हाद आपल्याला फरदड घालतो," आणि ओट्यावर संतापाची लाट उसळली. ठराव झाला: दाखवलेलं पुन्हा दाखवायचं नाही, नाहीतर सगळी कॉलनी वायर काढून टाकेल. प्रल्हादचा चेहरा पडला, पण त्यानं मान्य केलं. छत्रीवरचे बाहेरचे चॅनल त्याच्या हातात नव्हते. हातात होता त्याचा स्वतःचा एक चॅनल. त्यावर तो सिनेमे लावायचा, आणि आदल्या रात्रीच्या मालिका कॅसेटवर उतरवून दुपारी दोनला लावायचा. ती दुपारची कॅसेट त्यानं बंद केली. मामांना शाल आणि नारळ मिळाला. शालीची त्यांनी प्रत लावली, ती मी सांगत नाही, कारण देणारे अजून हयात आहेत.

या सगळ्यात एका माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं, ते म्हणजे मामींना. मामी यावलकडच्या. बोलणं मोजकं, तेही मामा घराबाहेर असताना. मंगळवारी रात्री साडेआठला एका वकीलबाईची मालिका लागायची. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई शिकून वकील होते आणि इतरांच्या केसेस लढता लढता स्वतःची केस उभी करते, अशी ती गोष्ट. ही मालिका मामा न चुकता पाहायचे, कारण ती त्यांची जेवणाची वेळ. मांडीवर ताट घेऊन ते बाहेरच्या खोलीत बसायचे आणि त्यांच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून थेट पडायची, एक संपता संपता दुसरी. भाकरीची वाफ निघून गेली की तिची प्रत घसरते, हे तर ठरलेलंच. म्हणजे वकीलबाई बाहेर कोर्टात आणि मामी आत तव्यापाशी. मामींच्या कानावर यायचे ते फक्त आवाज. चित्र त्या बघायच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, भांडी घासून, हात पुसून, एकट्या.

ठरावानंतरच्या पहिल्या बुधवारी दोन वाजता त्या टीव्हीसमोर बसल्या तेव्हा पडद्यावर मुंग्या धावत होत्या. त्यांनी बटण बंद केलं आणि गहू निवडायला घेतले. हे मला नंतर बायकोनं सांगितलं. तिलाही त्या आपणहून बोलल्या नव्हत्या, तिनं खोदून विचारलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी पेपर तपासायच्या कामासाठी जळगावात होतो, मुक्काम मामांकडे. साडेआठला आमची ताटं मांडीवर आली. वकीलबाई न्यायाधीशांसमोर उभी राहिली, तिचा नवरा समोरच्या बाकावर. मामांची दुसरी भाकरी संपली, तिसरी येईना. त्यांनी नाक वर केलं. पंधरा हातांवरचा ओलावा ओळखणारं ते नाक.

"भाकरी करपली!"

आम्ही मागे वळून पाहिलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ, नजर पडद्यावर, आणि पाठीमागे तव्यावरून धूर.

"अगं, भाकरी करपली."

"करपू द्या," मामी म्हणाल्या. "ते बाई काय बोलते ते आयकू द्या मले."

हे वाक्य त्या घरात पूर्वी कधी बोललं गेलं नसावं, कारण मामांना त्यावर काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. जाहिराती लागल्या. मग मामांनी हळूच विचारलं, "तू बघतेस ही मालिका?"

"दुपारी पाहे. आता बंद झाली ना."

"म्हणजे ते रिपीट?"

"मले काय म्हाईत रिपीट का काय," मामी तव्याकडे वळत म्हणाल्या. "मले तं ते नवंच व्हतं."

वाचकांना वाटेल, मामांनी साडेसातला जेवावं किंवा एक दिवस गार भाकरी खावी, की मिटलं. मलाही आज तसंच वाटतं. त्या रात्री मात्र हे मला सुचलं नाही, कारण माझ्याही ताटात गरम भाकरी पडत होती.

सकाळी चहा न घेताच मामांनी मला सोबत घेतलं आणि प्रल्हादचं दुकान गाठलं. प्रल्हाद त्यांना बघून उठून उभाच राहिला.

"आबा, या आठवडामा एक बी फरदड नही, आईशपथ!"

"दुपारची कॅसेट चालू कर," मामा म्हणाले.

प्रल्हाद आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. माणूस तसा गरीब, पण अशी संधी कोण सोडतो? "पन आबा, ती फरदड शे ना?"

"शे," मामा म्हणाले. "माझ्या ताटात फरदड. माझ्या घरातच दुसऱ्या जागी ती पहिली वेचणी होती. मी गाडीत एकाच बाजूनं हात घातला." बत्तीस वर्षांत हजारो गाड्या पारखलेल्या माणसाला पुढचे दोन शब्द फार जड गेले. "प्रत चुकली."

प्रल्हादनं मग खरी बातमी सांगितली. ठरावाच्या दुसऱ्या दिवसापासून कॉलनीतल्या अकरा बाया एकेकट्या त्याच्या दुकानात येऊन हेच मागून गेल्या होत्या, आणि प्रत्येकीनं 'आमच्या ह्यांना सांगू नका' असं बजावलं होतं. ओट्यावर ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांच्या घरी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडत होती.

कॅसेट चालू झाली. मामांनी मग आणखी एक गोष्ट केली, जी मी स्वतः पाहिली नसती तर लिहिली नसती. ते बुधवारी दुपारी दोनला मामींच्या शेजारी येऊन बसू लागले. मंगळवारी रात्री सगळं पाहिलेलं, पुढे कोण येणार, कोण खोटं बोलणार, सगळं ठाऊक, आणि मत पोटात ठेवायची आयुष्यभरात सवय नाही. तरी तोंडातून चकार शब्द नाही. साक्षीदार उलटायच्या आधी त्यांचे ओठ हलायचे, मिशी थरथरायची, पण ते गप्प बसायचे. आणि बघायचेही पडद्याकडे नाही. ते मामींकडे बघत असायचे. न्यायाधीशांनी तोंड उघडलं की मामींच्या हातातला पदर आवळला जायचा, आणि मामा तेवढंच बघायचे.

मालिकेचा शेवटचा भाग लागला तेव्हा मी पुन्हा तिथेच होतो. रात्री मामांनी तो माझ्या शेजारी बसून, डोळे उघडे ठेवून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या नावापर्यंत पाहिला होता. वकीलबाई जिंकली तेव्हा त्यांनी ताटातच हात मारला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग संपला, मामींनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळल्या.

"तुमाले तं कालच ठाव असीन."

"नाही," मामा म्हणाले. "काल मला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. अन् आत्ताही माझं लक्ष नव्हतं. काय झालं?"

मामींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून शेवग्याच्या शेंगा मोजू लागलो. मग त्यांनी मांडी नीट घातली आणि सांगायला सुरुवात केली. कोर्ट कसं होतं, बाई काय म्हणाली, नवरा कसा खाली मान घालून बसला. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मामा "मग?" म्हणायचे आणि मामी पुढे सांगायच्या.

मला साडेतीनची धुळ्याची बस गाठायची होती. मी पिशवी उचलली, नमस्कार केला, पायरीवर चपला घातल्या, तरी आतून मामांचं "मग?" ऐकू येत होतं. दोघंही आता नाहीत. आणि मला अलीकडे आठवतं की साडेतीननंतरही धुळ्याला बऱ्याच बसेस होत्या.