दरबारातली तीन उत्तरं

पुणे स्टेशनवर अण्णांनी मला सर्वांत आधी बजावलं ते हे, की सोलापुरात मी त्यांच्या गुडघ्याविषयी कुणाशी बोलायचं नाही. अण्णा म्हणजे माझे सासरे, लष्करातले निवृत्त सुभेदार, वय बहात्तर. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांनी एकट्याने प्रवास करायचा नाही, असं घरात ठरलं. सोलापूरला त्यांच्या जुन्या पलटणीतल्या लोकांचा मेळावा दर जानेवारीत भरतो. यंदा माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी निघाले. मी एका पतपेढीत हिशेब पाहते आणि महिनाअखेर अजून लांब होती.

"गुडघ्याचं कळलं तर ते मला खुर्ची देतील," अण्णा म्हणाले. "मला खाली बसायचंय."

दौंड सोडल्यावर खिडकीतून ऊस दिसू लागला. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी आलं आणि डब्यातली निम्मी माणसं एका बाजूला झाली. दूरवर पाण्यात गुलाबी पक्ष्यांची रांग होती. मी मोजायला सुरुवात केली आणि चाळीसपर्यंत गेले, तोवर गाडी वळली. पाणी संपलं की ज्वारी सुरू होते. कणसं भरलेली, पण अजून हिरवी होती.

जेऊरला गाडी थोडीच थांबते. तेवढ्यात एक पोतं दारातून आत आलं आणि त्याच्यामागून एक माणूस. हे ज्ञानूकाका, अण्णांच्या कंपनीतले हवालदार. शेती जेऊरजवळच, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज मैदानावरचा.

"सूनबाई, पाय वर घ्या की जरा," असं म्हणत त्यांनी पोतं माझ्या सीटखाली सरकवलं.

"काका, काय आहे यात?"

"हुरड्याची कणसं. बडा खान्याला." (बडा खाना म्हणजे पलटणीचं एकत्र जेवण.) "साठ माणसं धरल्यात. कमी पडली तर माजं नाव सांगा."

कुर्डुवाडीच्या अलीकडे पोत्याची शिवण उसवली. कणसं सीटखालून वाटेत घरंगळली. अख्खा डबा ती गोळा करायला वाकला, आणि गोळा करता करता चारपाच जणांनी तळहातावर चोळून कच्चीच खायला सुरुवात केली. तिकीट तपासनीस आले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणाचं सामान?"

"भारतीय सेनेचं," ज्ञानूकाका म्हणाले.

तपासनीसांनीही एक कणीस घेतलं. मी मात्र उघड्या हातांनी पोतं दाबून धरलं होतं. ज्वारीची कुसं कोपरापर्यंत शिरली आणि सोलापूर येईपर्यंत मी हात खाजवत बसले. अण्णांनी पिशवीतून खोबरेल काढून दिलं. कुठलीही अडचण आली की अण्णांकडे तिच्यासाठी एक बाटली असते.

आमचा मुक्काम सात रस्त्याजवळच्या एका लॉजवर होता. संध्याकाळी मी एकटीच चौकात गेले. नाव सात रस्ता, म्हणून रस्ते मोजून पाहिले. एका कोपऱ्यावरून सहा आले, दुसऱ्यावरून आठ. एक बोळ रस्ता धरायचा की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. तिसऱ्यांदा मोजत असताना एक रिक्षावाला जवळ येऊन थांबला.

"ताई, मोजू नका. कुटं जायचं ते सांगा."

मी शेंगाचटणी घ्यायची म्हटलं. त्याने एका लहानशा दुकानासमोर सोडलं. तिथे चटणी अजून उखळात कुटत होते. तेल सुटलेली ती लालभडक चटणी आणि पापडासारखी मोडणारी कडक भाकरी मी तिथेच उभ्याने खाल्ली. अर्धा किलो घरासाठी बांधून घेतली. दुकानदारीणबाई गिऱ्हाइकाशी मराठीत आणि मागच्या माणसाशी कन्नडमध्ये बोलत होत्या. दोन्हीकडे आवाज सारखाच चढा होता.

लॉजवर परतले तेव्हा खोलीत एक पाहुणे बसले होते. कॅप्टन इस्माईलभाई, मेळाव्याचे व्यवस्थापक. शिपाई म्हणून भरती होऊन निवृत्तीच्या वेळी मानद कॅप्टन झालेले. चेहरा अडचणीतला होता.

"अण्णा, मेरी बात सुनो. इस बरस नक्को," ते म्हणाले.

"कॅन्टीनची रांग मागच्या सालीबी होती, त्याच्या आदल्या सालीबी होती," अण्णा म्हणाले. "दरबारात तेवढंच बोलायचं?"

प्रकरण काय ते मला इस्माईलभाईंनीच समजावलं. पलटणीत महिन्याला एक दरबार भरायचा. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, खुर्चीवर, जवान समोर जमिनीवर. साहेब विचारायचे, "कोई पॉइंट?" आणि ज्याला जे म्हणायचं असेल त्याने उभं राहून म्हणायचं. मनातली गोष्ट थेट वर पोचवायची ती एकच वाट. मेळाव्यातही हे लोक दरबार भरवतात. एरवी खुर्चीवर आपल्यातलाच कुणी ज्येष्ठ बसतो. यंदा प्रथमच एक माजी मंत्री येणार होते. संस्थेला सभागृहासाठी शहरात जागा हवी होती आणि ती मिळवून द्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"साहेब आएंगे, दो शब्द बोलेंगे, खाना खाएंगे, जाएंगे," इस्माईलभाई म्हणाले. "जगा का काम अटकेला है. तू श्रीलंका का निकालेगा तो वो नाराज होंगे. बाद में साठ लोग मेरेकू पूछेंगे."

अण्णा शांतिसेनेतून श्रीलंकेत जाऊन आले होते, एवढंच मला ठाऊक होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून या विषयावर मी त्यांच्या तोंडून दोनच शब्द ऐकले होते. "होतो तिकडे."

"बरं," अण्णा म्हणाले. "तू विचारल्याशिवाय मी उठणार नाही."

इस्माईलभाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मी आणलेली चटणी चाखली, दुकान चुकलं असं सांगितलं आणि गेले. अण्णा मात्र बराच वेळ खिडकीपाशी उभे होते. मी विचारलं, काय बोलायचं होतं? ते म्हणाले, "एकच प्रश्न होता. पण माणूस समोर पाहिजे. भिंतीला विचारून काय उपयोग?"

सकाळी मेळाव्याच्या मंगल कार्यालयात पोचलो. अंगणात आगटी (हुरडा भाजायची चूल) पेटली होती आणि ज्ञानूकाका धुरात उभे राहून हुकूम सोडत होते. माणसं साठ नव्हे, एकाहत्तर होती. मी दोनदा मोजली. सगळ्यांच्या छातीवर पदकं. एकमेकांना भेटले की आधी सॅल्यूट, मग शिवी, मग मिठी, असा क्रम होता. एकाने अण्णांना विचारलं, "सुभेदार, पोट कुठल्या पोस्टवर चाललंय?" अण्णा म्हणाले, "पुढच्या. तुझ्या पोटानं ती ताब्यात घेतलेली दिसतेय."

सतरंज्या अंथरल्या होत्या. समोर एकच खुर्ची. अण्णा उजवा पाय सरळ पसरून खाली बसले आणि मी माझं तोंड बंद ठेवलं.

माजी मंत्री आले. साठीचे, हसरे, खादीचं जाकीट. हार झाले, फोटो झाले. ते माइकपाशी उभे राहिले आणि भाषणाच्या आधी, कुठल्याही सभेत पुढारी म्हणतात तसं, प्रेमाने म्हणाले, "काय मंडळी, सगळं ठीक ना? कुणाला काही म्हणायचंय का?"

त्यांना उत्तर नको होतं. एक श्वास घेऊन ते भाषण सुरू करणार होते. पण समोरच्या एकाहत्तर माणसांनी आयुष्यभर हा प्रश्न एकाच अर्थाने ऐकला होता. सगळ्यांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. मागच्या रांगेतून आवाज आला, "जय हिंद, साहेब. पॉइंट." आणि एक वयस्कर शिपाई उठून सावधानमध्ये उभा राहिला. दरबार उघडला होता.

मंत्र्यांनी इस्माईलभाईंकडे पाहिलं. इस्माईलभाईंनी डोळे मिटले, मग खुर्ची पुढे सरकवली. "साहेब, बैठना पडेगा."

ते बसले. पहिला पॉइंट दवाखान्याच्या कार्डाचा होता, दुसरा कॅन्टीनच्या रांगेचा. दोन्हींना मंत्री म्हणाले, "बघतो."

"साहेब," ज्ञानूकाका आगटीवरून आत आले होते, हातात अजून चिमटा. "बघतो चालत न्हाय हितं. आमच्या सीओ साहेबांचा नियम हाय. तीनच उत्तरं. व्हय, न्हाय, न्हायतर म्हाईत न्हाय."

हशा पिकला. मंत्रीही हसले. माणूस मोकळा होता, हे कबूल केलं पाहिजे. दवाखान्याला ते "हो" म्हणाले आणि कॅन्टीनला "नाही, ते माझ्या हातात नाही." नाहीला जास्त टाळ्या पडल्या.

इस्माईलभाई माइक धरून उभे होते. त्यांनी रांगांवरून नजर फिरवली. ती अण्णांवरून पुढे गेली आणि परत आली. अण्णांनी हात वर केला नव्हता. ते दिलेल्या शब्दाप्रमाणे मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. संपलं असं इस्माईलभाई म्हणाले असते तर सभा तिथेच संपली असती आणि जागेलाही धोका नव्हता.

"सुभेदार साब," इस्माईलभाई म्हणाले, "कोई पॉइंट?"

अण्णांना उठायला वेळ लागला. शेजारच्याने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. उभे राहून टाचा जुळवल्या.

"जय हिंद, साहेब. आम्हाला श्रीलंकेत पाठवलं. जायचं का नाही, हे शिपायानं विचारायचं नसतं. ते ठरवायला तुम्ही लोक असता आणि तसंच असावं. जाताना सांगितलं, शांतता राखायची. पोचल्यावर लढायला लागलो, त्यांच्याशीच ज्यांना वाचवायला गेलो. माझ्या सेक्शनातली दोन पोरं तिथंच राहिली. मग वर सरकार बदललं, हुकूम बदलला, परत आलो. परत आल्यावर काम झालं का राहिलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. माझा नातू विचारतो, आजोबा, तुम्ही जिंकलात का हरलात? मला सांगता येत नाही. एवढाच पॉइंट. आमचं काम झालं होतं का?"

बाहेर आगटीत कणसं तडतडत होती. मंत्री उभे राहिले. "आपल्या शूर जवानांनी मातृभूमीसाठी केलेला त्याग हा—"

"साहेब," ज्ञानूकाका हळूच म्हणाले, "तिनातलं एक."

मंत्री थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा सहायक कानाशी येऊ लागला, त्याला त्यांनी हातानेच मागे सारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी तेव्हा कॉलेजात होतो. नंतर इतकी वर्षं राजकारणात काढली, पण हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. मलाही आजच पहिल्यांदा कुणी विचारला."

"जय हिंद, साहेब. पॉइंट संपला," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या एकदम आल्या नाहीत. आधी एक, मग चार, मग सगळे. मी अण्णांच्या मागेच होते. ते शेजारच्याला म्हणाले, "मला वाटायचं, मलाच तेवढं माहीत नाही." आणि हसू लागले. शेजारचा म्हणाला, "मलाबी." त्याच्या पलीकडच्यानेही मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर ते हसू सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

बडा खान्यात खुर्चीवरच्या माणसाने जवानांना वाढायचं असतं. मंत्र्यांनी जाकीट काढलं, बाह्या वर केल्या आणि मटणाची बादली घेतली. तिसऱ्या पंगतीपर्यंत त्यांच्या शर्टावर रश्शाचे पाच डाग मी पाहिले. भाजलेला हुरडा गूळ आणि शेंगाचटणीबरोबर फिरला आणि कमी पडला. ज्ञानूकाकांना त्यांचं नाव सांगण्यात आलं. "एकाहत्तर कुणी सांगितलं व्हतं?" ते म्हणाले.

वाढता वाढता मंत्री इस्माईलभाईंपाशी आले. "जागेचं माझ्या लक्षात आहे."

"साहेब, तीन में से कौन सा?"

ते खो खो हसले आणि बादली घेऊन पुढच्या पानावर गेले. जागा मिळणार की नाही, हे मी पुण्याला निघेपर्यंत कुणालाच सांगता येत नव्हतं. इस्माईलभाईंना मी विचारलं, मग तुम्ही अण्णांना उठवलंत कशाला? ते म्हणाले, "अरे बेटी, दरबार में आदमी बैठा है, पॉइंट उसके मुँह पे दिखरा है. हॉल बांधके फिर अंदर क्या करना, नुसती शादियाँ?"

परतीच्या गाडीत माझ्या मनात एक विचार येत होता. कुकरची शिट्टी बिघडली तरी आपण दुकानदाराला जाब विचारतो. माणसं लढायला पाठवली जातात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, आणि ती परत आली की विषय बदलतो. वरच्यांना विचारायची वाट शिपायाला महिन्यातून एकदा तरी होती. आपल्याला ती रोज आहे आणि आपण ती वापरत नाही. "माहीत नाही" हे उत्तरही चालतं, हे मी सोलापुरात पाहिलं. ते ऐकून कुणी खचलं नाही. उलट जेवण जास्त गेलं.

माढा गेल्यावर समोरच्या बाकावरच्या एका मुलीने अण्णांच्या पदकांकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, हे कशाचं?"

मला वाटलं, "होतो तिकडे" येणार. पण अण्णा सरसावून बसले. "सांगतो. वेळ आहे ना?" आणि त्यांनी सुरुवात केली. आदेश आला तेव्हा ते सुट्टीवर होते, तिथपासून. ट्रंक कशी भरली, आईने काय बांधून दिलं, मद्रासच्या बंदरावर कुणाला उलटी झाली. मुलीचे आईवडील ऐकू लागले, मग पलीकडचा बाक. चहावाला किटली खाली ठेवून थांबला. मीही ऐकत होते. यातलं एकही वाक्य मी आधी ऐकलेलं नव्हतं.

पुण्याला उतरलो तेव्हा अण्णांचं जहाज नुकतंच बंदरातून सुटलं होतं. पुढचं रिक्षात ऐकलं.