कूलरच्या टाकीतलं पाणी

वारज्यात फ्लॅट भाड्याने घेतला त्या उन्हाळ्यात बाबांनी अकोल्याहून ट्रॅव्हल्सच्या टपावर कूलर चढवून पाठवला. ऑफिसातले सगळे हसले. पुण्यात कूलर कोण लावतं? मी लावला. दिवसभर कंप्युटरसमोर बसून, कुणाशी धड न बोलता घरी आलं की ती घरघर आणि वाळ्याचा ओला वास सोबतीला हवा असायचा.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू एकट्याच राहायच्या. जन्म शनिवार पेठेत गेलेला, शाळेतून निवृत्त, मुलगा बंगळूरला. मी लेकीच्या वयाची, तरी मला अहो-जाहो करायच्या. दर रविवारी सकाळी मजल्यावरची प्रत्येक बेल वाजवायच्या.

"आज कोरडा दिवस. पाणी ओतलंत का?"

बादल्या, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करायचं, म्हणजे अळ्यांचे डास होत नाहीत. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात, घासायला लागतं. हे सगळं त्यांनीच शिकवलं. कूलर पाहून म्हणाल्या, "हौस आहे. टाकीही घासत जा."

सुरुवातीला घासली. मग पावसाळा लागला, कूलर गॅलरीत पडून राहिला, आणि मी दार अर्धवट उघडून "ओतलं" म्हणायला लागले. आतली आठवडाभराची खरकटी भांडी त्यांना दिसू नयेत, एवढंच. खरं तर त्यांनी आत यावं असं फार वाटायचं. अख्ख्या रविवारात माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं.

गणपतीनंतर काकूंना डेंगी झाला. महापालिकेचा माणूस घरोघर तपासत आला. त्याने कूलरच्या टाकीत बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला लावलं. पाणी वळवळत होतं. काकूंना चावलेला डास त्यातलाच होता, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. मला मात्र शंका नाही.

रविवारी टाकी खसाखसा घासली आणि कबुली द्यायला दवाखान्यात गेले. काकू खाटेवर अगदी एवढ्याशा दिसत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "पाणी ओतलंत का?"

"ओतलं."

"आज खरं सांगताय, नखांत शेवाळ आहे. एरवी हात कोरडे असायचे तुमचे."

मला रडू आलं. "मग आत येऊन बघितलं का नाहीत, काकू?"

"तुम्ही बोलावलंत कुठे?"

पुढच्या रविवारी सगळी भांडी घासली, दोघींपुरते पोहे केले आणि दार सताड उघडं ठेवलं. त्या घरी येणार होत्या. दुपारी त्यांचा मुलगा एकटाच आला. आईला दवाखान्यातूनच बंगळूरला घेऊन चाललोय म्हणाला, तिचे कपडे बॅगेत भरले आणि समोरच्या दाराला कुलूप लावून गेला.