राहिलेली सोळा

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला संगणक शिकवायला आम्हाला जे साधन मिळालं, ते थर्माकोलचं होतं. पडद्याच्या जागी निळा कागद, कळांच्या जागी स्केचपेननं काढलेले चौकोन. आधीच्या तुकडीनं पुढच्या तुकडीला ते द्यायचं, तिनं वरची नावाची चिठ्ठी बदलायची आणि वार्षिक पाठाला टेबलावर मांडून साधनाचे गुण घ्यायचे, अशी आमच्या शिरूरच्या कॉलेजातली रीतच होती. परीक्षक त्याला ‘वा’ म्हणत. पोरं लांबून बघत.

माझा पाठ कारेगावजवळच्या एका शाळेत, चौथीला, संगणकाची ओळख. या शाळेत खराखुरा संगणक होता. कुठल्याशा कारखान्यानं तो भेट दिला होता, आणि तेव्हापासून तो मुख्याध्यापकांच्या ऑफिसात भरतकामाच्या कापडाखाली बसून होता. ऑफिसात जाताना चपला बाहेर काढायच्या. दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, पडद्याला हळदीकुंकू, समोर नारळ. सुरू मात्र कुणी केला नव्हता. त्याची वॉरंटी कापडाखालीच संपली.

आठवडाभर आधी मी मुख्याध्यापकांकडे चावी मागितली.

“बाई, नाजूक यंत्र हाय ते,” ते म्हणाले. “पोरांच्या हाताला माती असती. बिघडलं म्हंजी जबाबदारी कुणाची?”

“माझी.”

“तुम्ही दोन म्हयन्याच्या पाव्हण्या. त्यो थर्माकोलचा आना की, सगळ्याच आनत्यात.”

कॉलेजातल्या आमच्या मार्गदर्शक मॅडमही तेच म्हणाल्या. पहिला वर्ग हवा ना तुला, मग कशाला नसता उद्योग? पहिला वर्ग मला हवाच होता. तेव्हा जिल्हा परिषदेची नोकरी गुणांच्या यादीवर मिळायची. आमच्या घरात मेंढरांमागं फिरणं माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या तरुणपणी थांबलं होतं. आप्पा सहीपुरते शिकलेले, आणि घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्या यादीत माझं नाव लागावं म्हणून सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

पण मला राग आला होता, आणि माझा राग काही लवकर उतरत नाही. त्याचं कारण दौंडला होतं. दर रविवारी मी तिथं स्टेशनाजवळच्या कॉम्प्युटर क्लासला जायचे. एका मशीनला तिघं. दोन मुलगे, तिसरी मी. माउस त्यांच्या हातात, वही माझ्या हातात. दोन महिने मी नुसती बघत होते, लिहून घेत होते, पाठ करत होते. मग एका रविवारी मी लवकर जाऊन मधल्या खुर्चीवर बसले आणि उठलेच नाही. त्या दिवशी एका तासात जे कळलं, ते दोन महिन्यांच्या वहीत नव्हतं. त्यानंतर थर्माकोलपुढं उभं राहून ‘हा कीबोर्ड’ म्हणायला माझी जीभ वळेना.

पाठाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक मॅडम मागच्या बाकावर गुणपत्रक घेऊन बसल्या. मी प्रस्तावनेचे दोन प्रश्न विचारले, हेतू सांगितला, आणि म्हणाले, “चला, हात धुवा, रांग करा, ऑफिसात जायचंय.” बेचाळीस पोरं एका दमात उठली. परीक्षक मॅडम गोंधळून मागं आल्या.

मुख्याध्यापक दारात उभे होते.

“सर, चावी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्यामागच्या परीक्षकांकडं पाहिलं. पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी चावी दिली, पण ती हातात देताना जी नजर टाकली ती अजून आठवते.

मी कापड काढलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. मशीन कण्हलं, एकदा टूं करून ओरडलं आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी येऊन थांबलं.

“बगा, बिगाडलं!” मुख्याध्यापक म्हणाले.

बिघडलं नव्हतं. वर्षानुवर्षं बंद राहिल्यानं आतल्या घड्याळाचा सेल संपला होता. दौंडच्या क्लासातलं एक जुनं मशीन दर रविवारी असंच अडायचं. एफ वन दाबलं की पुढं जायचं. मी रांगेतल्या पहिल्या मुलीला ती कळ दाखवली. तिचे वडील बिहारहून कंपनीत कामाला आलेले. तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

“मॅडम, टूट गया तो?”

“टूटने दो,” मी म्हणाले. मुख्याध्यापकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तिनं कळ दाबली. मशीन सुरू झालं. मग एकेकानं यायचं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि दाबायचं. कुणाला अक्षर सापडेना, तर मागचे ओरडून सांगत. एका पोरानं बोट उचललंच नाही आणि पडद्यावर त्याच्या अक्षराची रांगच्या रांग लागली, तेव्हा ऑफिसात असा काही हशा पिकला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

तास संपायला पाच मिनिटं उरली. परीक्षक मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “फळ्यावर काहीच लिहिलं नाहीत. आता वर्गात न्या, शिकवलेलं थोडक्यात वदवून संकलन घ्या, गृहपाठ द्या. तेवढे गुण तरी देते.” वाईट नव्हत्या त्या. त्यांच्या कागदावर जेवढे रकाने होते, तेवढं त्या बघत होत्या.

मी रांग मोजली. “मॅडम, अजून सोळा राहिलीत.”

“त्यांना नंतर दाखवा.”

मुख्याध्यापकांनी चावीसाठी हात पुढं केलेलाच होता. ‘नंतर’ कसं असतं ते मला कळत होतं.

“नाही,” मी म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

घंटा झाली तरी रांग चालू ठेवली. फलकलेखन शून्य, संकलन शून्य, गृहपाठ शून्य. साधनालाही शून्य, कारण ते मी स्वतः बनवलेलं नव्हतं.

पहिला वर्ग चार गुणांनी हुकला आणि यादीत माझं नाव एक वर्ष उशिरा लागलं. खोटं कशाला बोलू, निकालाच्या दिवशी मी ढसाढसा रडले. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मैत्रिणींनी, मार्गदर्शक मॅडमनी, नात्यातल्या शहाण्यांनी वर्षभर एकच विचारलं, शेवटची पाच मिनिटं संकलन केलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी प्रत्येकाला उलट विचारायचे: त्या सोळांतल्या कुणाला परत पाठवायला हवं होतं, तेवढं बोट दाखवून सांगा.