आठ सेकंदांसाठी सात तासांचा रस्ता

ईशानने स्पष्ट सांगितलं होतं, येऊ नका. म्हणूनच आम्ही गेलो.

या ब्लॉगवर तुम्ही धबधबे बघायला येता, कुठल्या मोटेलमध्ये मायक्रोवेव्ह आहे ते वाचायला येता आणि माझ्या पुरणाच्या डब्यावरून माझी थट्टा करायला येता. या वेळी धबधबा नाही. रस्त्याची माहिती मात्र नेहमीसारखी देते, कारण मला दुसरं काही धड लिहिता येईल असं वाटत नाही.

ईशान आमचा एकुलता एक मुलगा. वय तेवीस, जन्म डॅलसचा, वाढला फ्रिस्कोत. वेस्ट टेक्सासमधल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला आणि तिथे उधळणाऱ्या बैलावर बसायला लागला. नागपूरच्या नातेवाइकांना मी दोन वर्षं 'घोडेस्वारी शिकतोय' असं सांगत होते. आता डिग्री झालीय, आठवडाभर जमीन मोजण्याची नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी व्यावसायिक स्पर्धांत उतरतो. वर्षभरात दोनदा डोक्याला मार बसला. न्यूरॉलॉजिस्टने आमच्यासमोर त्याला सांगितलं, "तिसऱ्यांदा असं झालं तर पुढचं मी काही सांगू शकत नाही."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने वचन दिलं. व्यावसायिक झाल्यापासून तो एकदाही पूर्ण आठ सेकंद टिकला नव्हता. आठ सेकंद एका हाताने दोर धरून बसायचं, दुसरा हात बैलाला लागू द्यायचा नाही, तरच गुण मिळतात. "एकदा पूर्ण आठ करू द्या, मग सोडतो," तो म्हणाला. माझा नवरा सुधीर, त्याने लगेच हात पुढे केला. बापलेकांनी हात मिळवले. मुलाने हे सोडावं म्हणून त्यात त्याला यश मिळावं, अशी प्रार्थना करायची पाळी माझ्यावर आली.

शनिवारी सकाळी सातला निघालो. फ्रिस्कोहून अमारिलोपर्यंत २८७ नंबरचा हायवे, थांबत गेलात तर सात तास. विचिटा फॉल्सला पेट्रोल भरून घ्या, पुढे गावं विरळ होत जातात आणि चाइल्ड्रेसशिवाय बरी स्वच्छतागृहं नाहीत. वारा इतका की गाडीचं दार उघडताना धरून ठेवावं लागतं. दोन्ही बाजूंना कापूस, पवनचक्क्या आणि अधूनमधून गुरांचे कळप. एरवी मी अशा रस्त्यावर शंभर फोटो काढते. या वेळी एकही काढला नाही. दशम्या आणि लसणाची चटणी गाडीतच खाल्ली. मेक्सिकन ठिकाणी थांबणार असाल तर बीन्स चरबीत शिजवलेले आहेत का ते आधी विचारा, बहुतेकदा असतात. सुधीर विचारायचं विसरला आणि खाऊन मोकळा झाला.

अमारिलोत मोटेल नव्वद डॉलरला मिळालं. खोली मागच्या बाजूची मागा, पुढून रात्रभर मालगाड्या जातात. सुधीरने ईशानला मेसेज केला, "आम्ही आलोय." बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "ओके."

रविवारी सकाळी तो नाश्त्याला आला. लंगडत होता. दोन्ही मांड्यांना आतून पट्ट्या, कारण बैलाला धरून ठेवायचं ते मांड्यांनी. तो डावखुरा, पण डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून काटा त्याने उजव्या हातात घेतला. वेट्रेसने टोपी आणि त्याचं लंगडणं बघून 'गुड लक, हनी' म्हटलं. त्याने फक्त अंडी खाल्ली. तो इंग्रजीत बोलतो, मी मराठीत लिहितेय.

"तू वर बसलास की डोक्यात काय चालतं?" सुधीरने विचारलं.

"काहीच चालू द्यायचं नाही, बाबा. बैल डावीकडे वळेल असा अंदाज बांधला की संपलं, तो उजवीकडे जातो. विचार केला की उशीर झाला. ते शरीराला कळलं पाहिजे. म्हणून रोज तासभर तेलाच्या रिकाम्या ड्रमवर, बैलाच्या पाठीवर बसावं तसं बसून प्रॅक्टिस करतो."

"आणि भीती?"

"असते. सगळ्यांना असते. कुणी बोलत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बघतेयस हे डोक्यात राहतं, आई. म्हणून येऊ नको म्हणालो होतो."

मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं. गेले नाही. सात तास गाडी हाकून आलेली बाई नाश्ता अर्धा टाकून परत कशी जाणार, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला त्याच्यावर नजर ठेवायची होती, जशी नजर ठेवल्याने काही होणार होतं.

स्पर्धा अमारिलोच्या पुढे तासाभरावर, छोट्या गावात, दुपारी दोनला. तिकीट पंचवीस डॉलर. टोपी आणि पाणी न्या, बाकांवर सावली नाही. मैदानामागे बैलांचे गोठे होते. ईशानच्या वाट्याला आलेला बैल तांबूस रंगाचा, नाव बिस्किट. एका कोपऱ्यात निवांत रवंथ करत होता. माझ्या मामाकडे पोळ्याला मी बैलांना ओवाळलेलं आहे. हात आपोआप जोडले गेले. "शांत राहा रे बाबा," मी त्याला म्हटलं. "पोराला सांभाळ." माझी चूक इथेच झाली, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

आमच्या शेजारी ग्लेन्डा नावाच्या साठीच्या बाई होत्या. त्यांचा मुलगा पूर्वी बैलांवर बसायचा. "आता कुठे असतो?" मी विचारलं.

"पार्किंगमध्ये, ट्रकमध्ये. लाउडस्पीकर त्याला सहन होत नाही. डोक्याला लागल्यापासून." त्यांनी सरबताचा घोट घेतला. "पण दर रविवारी येतो. नाही आणलं तर रडतो."

तो चाळिशीचा आहे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

आधी राष्ट्रगीत झालं, मग सगळ्या खेळाडूंनी गुडघे टेकून प्रार्थना केली. सुधीरनेही टोपी काढली. ईशानचा नंबर पाचवा होता. लोखंडी कप्प्यात तो बैलाच्या पाठीवर उतरला, दोराला राळ घासली, मूठ आवळली, ती दुसऱ्या हाताने ठोकून घट्ट केली. मग त्याने मान हलवली. मान हलवली की गेट उघडतात, तेवढीच खूण.

बिस्किटने माझं ऐकलं. दोनतीन उड्या मारल्या आणि मैदानात सरळ धावत सुटला. ईशान वर होता. मी मोजत होते. भोंगा वाजला तेव्हा तो अजून वरच होता. मी इतकी रडले की चष्मा पडला. सुधीरने मला उठवून उभं केलं. "झालं," तो म्हणत होता, "झालं, सुटलो आपण." ईशान उतरून स्वतःच्या पायांनी चालत येत होता.

मग लाउडस्पीकरवर गुण सांगितले, एकसष्ट, आणि पाठोपाठ एक शब्द, री-राइड. ग्लेन्डांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अर्धे गुण बैलाचे असतात," त्या म्हणाल्या. "बैल नीट उधळला नाही तर पंच विचारतात, हे गुण ठेवतोस की दुसऱ्या बैलावर बसतोस? दुसरा घेतला तर पहिले गुण जातात."

"पण आठ सेकंद झाले ना?"

"झाले. पण अशा बैलावर झालेले कुणी मोजत नाही, हनी."

पंच ईशानजवळ गेले. मी बाकावर चढून मराठीत ओरडले, "ईशान, नको. झालं ना तुझं." त्याने वर बघितलं की नाही, मला सांगता येत नाही. त्याने मान हलवली, मघासारखीच.

दुसरा बैल काळा होता. तिसऱ्या सेकंदाला तो गर्रकन फिरला आणि त्याच्या शिंगाजवळचा भाग ईशानच्या हेल्मेटवर आदळला. ईशान पडला तो हात न टेकताच पडला, म्हणजे पडतानाच तो शुद्धीवर नव्हता. पडलेल्या स्वारापासून बैलाला स्वतःच्या अंगावर ओढून घेणारी दोन माणसं मधे धावली. अँब्युलन्स आधीपासून गेटपाशी उभी होती, हे मी आल्या आल्या बघितलं होतं आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं.

हॉस्पिटलमध्ये त्याने डोळे उघडले, आम्हाला ओळखलं आणि पहिलं विचारलं, "आठ झाले?"

सुधीरने माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "आठ झाले, राजा."

"मग आय एम डन," तो म्हणाला. इतका मोकळा हसला की किती वर्षांनी तसा हसला ते मला आठवेना. पाचेक मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, "आई, आठ झाले?" मी पुन्हा हो म्हटलं. तो पुन्हा तसाच हसला, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. संध्याकाळपर्यंत हे चालू होतं. चौथ्या वेळी सुधीर उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मी हो म्हणत राहिले. आठ झाले, वचन पुरं झालं, आता हे विसरू नकोस एवढंच मनात होतं.

चौथ्या दिवशी त्याला मागच्या सीटवर आडवं करून, डोळ्यांवर टॉवेल ठेवून आणलं. तोच रस्ता, दहा तास लागले.

आता घरी येऊन महिना झाला. त्याच्या खोलीचे पडदे बंद असतात. नोकरीवरून रजा आहे. शब्द हरवतात. परवा जेवताना मीठ मागायचं होतं, इंग्रजीत की मराठीत कुठेच शब्द सापडेना, तर बोटाने दाखवलं आणि ताट सरकवून उठून गेला.

काल सकाळी गॅरेजमधून करकर आवाज आला. तो रिकाम्या ड्रमवर बसून दोराला राळ घासत होता. फोन शेजारी उघडा पडला होता. कुणीतरी त्या रविवारचा व्हिडिओ पाठवला होता.

"तू खोटं नाही बोललीस," तो हळू म्हणाला. "पहिल्या बैलावर आठ झाले होते."

"मग सोड ना. तू वचन दिलंयस."

"त्याला आठ म्हणत नाहीत, आई. तो बैल पळत होता नुसता." डावी मूठ त्याने उघडली, मिटली. ती आता पूर्ण मिटते. "दोन महिन्यांनी तिथेच स्पर्धा आहे."

सुधीरने डॉक्टरांचं नाव काढलं, आवाज चढवला, मग खुर्चीत बसून रडला. ईशान त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तेवीस वर्षांच्या माणसाला आम्ही कोंडून ठेवू शकत नाही. सगळे रस्ते बघून झाले. देवासमोर बसते, पण मागायचं काय तेच कळत नाही. बैल शांत निघू दे म्हटलं, तर त्याला पुन्हा बसवतात. उधळू दे असं कुठल्या तोंडाने म्हणू?

पण या वेळी त्याने येऊ नका असं म्हटलं नाही. दोर खुंटीला अडकवता अडकवता म्हणाला, "तुम्ही या हं. तू होतीस तेव्हाच मी भोंग्यापर्यंत टिकलो."

आज दुपारी मी अमारिलोचं मोटेल बुक केलं. खोली मागच्या बाजूची मागितली.