सभासद नसल्याचं पत्र

जिल्ह्याच्या पत्रकार संघाची मी सचिव झाले, तेव्हा त्या खुर्चीवर बसलेली मी पहिली बाई होते. हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. पुढं जे केलं ते त्या खुर्चीपायीच.

पाचोडकडच्या एका खेड्यातला वार्ताहर होता. मेंढपाळाच्या घरातला, तिशीचा. मी ज्या दैनिकात होते, त्यालाच तिकडच्या बातम्या पाठवायचा. त्याच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राला भर दुपारी कुलूप होतं आणि एक बाई दाराबाहेरच बाळंत झाली. चार बायांनी साड्यांचा आडोसा धरला होता. त्यानं फोटो काढला तो फक्त कुलपाचा. बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होऊन त्याला अटक झाली.

ठाण्यातून मला फोन आला. "मॅडम, हा पत्रकार आहे म्हणतोय. तुमच्या संघाचा आहे का? लेखी द्या."

मी अध्यक्षांना विचारलं. त्याच आठवड्यात आमच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि ज्या मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं, त्यांच्याच खात्याविरुद्ध ही बातमी होती. अध्यक्ष म्हणाले, "सभासद आहे का तो? नाही ना? मग तसं लिहा. खोटं कुठं लिहायचंय?"

मी लिहिलं, सदर इसम आमच्या संघाचा सभासद नाही. खाली सही, शिक्का.

त्याचा सभासदत्वाचा अर्ज आठ महिने माझ्याच कपाटात पडून होता. मी तो कार्यकारिणीपुढं ठेवलाच नव्हता. खेड्यातल्यांना घेतलं की शहरातले सभासद कुरकुरतात, आणि मला पुन्हा निवडून यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील जालना रोडवरच्या आमच्या कार्यालयात आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. खुर्ची दिली तरी बसेनात.

"ताई, त्याचा अर्ज तुमच्यापाशी हाय म्हनला पोरगा. तेवढा दाखवा ठाण्यातल्या साहेबाला. लबाड नाय वो तो."

"बघते काका," मी म्हणाले.

"लई उपकार व्हतील." त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. ते गेल्यावर मी कपाट उघडलंसुद्धा नाही.

तो जामिनावर सुटला. दैनिकानं त्याच्या बातम्या घेणं बंद केलं. उद्घाटनाला सूत्रसंचालन मीच केलं. निर्भीड पत्रकारितेवर बोलले, टाळ्याही पडल्या.

खटला दीड वर्ष चालला. त्या चौघी बाया कोर्टात आल्या, कुलूप होतं म्हणून सांगून गेल्या. तो निर्दोष सुटला. आमच्या पेपरात चार ओळी आल्या. त्या वाचल्यावर मात्र मला घरात बसवेना.

तो पाचोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"तुझा अर्ज माझ्याकडंच होता," मी एका दमात सांगून टाकलं.

"माहितीये ताई. तुमच्या सहीची पोच हाय ना माझ्याकडं. वकील म्हनत होते, कोर्टात लावू. मीच नको म्हनलं."

"का?"

"तुमच्या पत्रावर कुनाचा इश्वास राहिला नसता. इकडं अजून दोघं-तिघं बातम्या लिहितात. उद्या त्यांच्यावर काय आलं, तर संघाच्या कागदाला किंमत राहायला पायजे."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले, सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. "मॅडम जरा भावनिक झाल्यात," म्हणत अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

त्यानं पुन्हा अर्ज केलेला नाही. कर, असं त्याला म्हणायला मला अजून तोंड नाही.