इझमीरचं दही

बावीस वर्षं मी मालवाहू बोटींवर कुक होतो. समुद्रात भुतं पाहिलेले खलाशी पुष्कळ भेटले, आणि बहुतेकांच्या तोंडाला दारूचा वास यायचा! तेव्हा असल्या गोष्टींवर माझा काडीइतका विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. पण एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवलीय... ती सांगून मोकळा होतो. हसायचं त्याने खुशाल हसावं.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. राहायला बोरीवली पूर्वेला, सोसायटीत दुसरा मजला, मागच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर. गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. घरात मी, बायको नलिनी आणि कॉलेजात जाणारी मुलगी सुजाता. 'घरात मी' असं आपलं म्हणायचं — वर्षातले नऊ महिने मी पाण्यावरच.

नलिनीने गाव आणि बोरीवली सोडून काही पाहिलं नव्हतं, पण सगळं जग तिने माझ्याकडून वसूल केलं. घरी आलो की बूट काढायच्या आत प्रश्न — "तिथल्या बायका काय करतात?" पुतळे, राजवाडे, बर्फाचे डोंगर, कशाचं म्हणून कौतुक नाही! मग मलाही तेच बघायची सवय लागली. आणि खरं सांगतो, बंदरं बदलतात, समुद्राचा रंग बदलतो, पण माणूस प्रवासाला निघाला की घरच्या बाईचा जीव सगळीकडे सारखाच खालीवर होतो. ओडेसा बंदरात कुणी निघण्याआधी घरातले सगळे मिनिटभर गप्प बसतात, खुर्ची नसेल तर बॅगेवर. मेक्सिकोत आई मुलाच्या कपाळावर बोटाने क्रूस काढते. आणि आमची नलिनी माझ्या उजव्या तळहातावर साखर घातलेलं दही ठेवायची, आणि मी गेल्यावर संध्याकाळपर्यंत घरात झाडू मारू द्यायची नाही.

त्या वर्षी तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब निघाला. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी माझी बोट सुटल्यावरची. मी रजेसाठी हातापाया पडलो, पण बदली माणूस नव्हता. नोकरी सोडावी तर ऑपरेशन कशाच्या जोरावर करायचं? घरात चार दिवस धुसफूस. निघायच्या सकाळी गेटवर टॅक्सीवाला हॉर्न मारत होता, आणि ही दह्याची वाटी घेऊन दारात उभी. चिडली किंवा घाबरली की ती मालवणीवर यायची.

"अवो, दही तरी घेवा!"

माझं डोकं फिरलेलं. खरा राग माझा माझ्यावरच, पण निघाला तिच्यावर. "राहू दे ते दही! दह्याने माणसं वाचतात काय?" असं ओरडलो आणि जिना उतरलो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. असा गाढवपणा आयुष्यात दुसरा केला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तुर्कस्तानात, इझमीरला होतो. सकाळी मी आणि माझा मदतनीस फर्नांडिस भाजी घ्यायला उतरलो. हातात पिशवी, पण डोक्यात एकच — आता तिला आत घेतली असेल... ती त्यातून उठली नाही तर तिच्याशी शेवटचं बोललो ते हे असलं!

एका गल्लीत एक म्हातारी मुलाला निरोप देत होती. त्याचा ट्रक हलला तसं तिने निळ्या इनॅमलच्या किटलीतून रस्त्यावर पाणी ओतलं. "हे काय रे?" मी विचारलं. फर्नांडिस तिथे बरेचदा येऊन गेलेला. म्हणाला, "इथली पद्धत. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये."

आम्ही पुढे निघालो तर म्हातारीने हाक मारली. मलाच. हाताने 'थांब' म्हणाली, घरात गेली आणि वाटी घेऊन आली. माझा उजवा हात धरून उलगडला आणि तळहातावर चमचाभर दही ठेवलं. मी खाल्लं... साखर घातलेलं होतं. मी तिथेच हुंदके देऊन रडलो. तिने पाठीवर थोपटलं, आणि निघालो तेव्हा त्याच किटलीतलं पाणी माझ्या मागे ओतलं.

"रडका चेहरा बघून दया आली असेल यार," फर्नांडिस म्हणाला. मग चालता चालता, "पण हे लोक दह्यात मीठ घालतात, साखर नाही."

तिसऱ्या दिवशी तार आली — ऑपरेशन नीट झालं. मी कांदे चिरत होतो म्हणून बरं, डोळ्यांतलं पाणी बघून कुणी काही विचारलं नाही.

चार महिन्यांनी घरी पोचलो. दार नलिनीने उघडलं. निम्मी झाली होती, पण उभी होती. रस्ताभर माफीचे शब्द जुळवले होते, ते सगळे विसरलो. तिने मला बसवलं, पाणी दिलं. यावेळी बायका काय करतात ते विचारलं नाही.

"तुमका दही गावला ता बरा झाला," ती म्हणाली. "पण त्या बायेन निळ्या किटलीतला पाणी कित्याक ओतल्यान तुमच्या मागसून? मी घाबरलंय मां!"

मी पेला खाली ठेवला. मी पत्रात यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. फर्नांडिसला आमचा पत्ताही ठाऊक नव्हता. सुजाता म्हणाली, "बाबा, आई शुद्धीवर आली तेव्हा पहिलं हेच बोलली, 'दही पोचलं त्यांना'. आम्हाला वाटलं, औषधाचा अंमल आहे."

त्यानंतर डॉक्टरांना विचारलं, गावच्या भटजींना विचारलं. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, पटलं एकही नाही. शेवटी नलिनीलाच विचारलं, "अगं, तुला कळलं तरी कसं?" ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली —

"माका काय म्हायत? तुमका दही देवचा रवला होता... ता देवन इलंय."

द्यायचं राहिलं होतं, ते देऊन आले. बस, एवढंच! यापलीकडे मला आजतागायत काही कळलेलं नाही. आता रिटायर झालोय, लांबचा प्रवास म्हणजे मासळीबाजार. तरी निघताना मी दारात उभा राहून मुकाट्याने हात पुढे करतो.