शाळेआधीचा मल्लखांब

ऐंशीच्या सुमारास नाशिकला आमच्या शेजारी आठ वर्षांची एक मुलगी होती. ती बोलत नसे आणि वर्गात बसवले की स्वतःचा हात चावायची. याला स्वमग्नता म्हणतात, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. दिवाळीपर्यंत ती शांत बसली नाही तर पटावरून नाव काढू, असे शाळेने तिच्या आईला सांगितले होते.

माझी बहीण व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब करायची. ती या मुलीला सकाळी सोबत नेऊ लागली. दोरीला हात लावण्याआधी मारुतीला नमस्कार करायचा, हा तिथला नियम. पहिल्याच दिवशी मुलगी थेट दोरीकडे धावली.

"सर, हिने नमस्कार नाही केला!" मुली ओरडल्या.

"राहू दे गं," व्यायामशाळेचे सर म्हणाले. "मारुती काय रुसून बसणार आहे? तोही आधी उडीच मारतो."

दोरीचा वेढा पायाला आवळला की ती स्थिर होई. घामाघूम होऊन शाळेत गेली की हात चावणे कमी व्हायचे. थांबले मात्र नाही. दिवाळीआधी वर्गशिक्षिका आईला म्हणाल्या, "नाव काढत नाही आम्ही. पण मधल्या सुट्टीनंतर तिच्याने वर्गात बसवत नाही."

आई तशीच व्यायामशाळेत आली आणि सरांना म्हणाली, "मधल्या सुट्टीत अर्धा तास दार उघडाल का?"

सरांनी तिला किल्लीच दिली.